एकाच प्रकारचे न्यूरॉन वेगवेगळ्या गतीने आवेग का देतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन न्यूरॉनांचा (चेतापेशींचा) प्रकार एकच, म्हणजे जनुके तीच, आकार साधारण तोच, त्यांच्यातून स्रवणारे रसायनही तेच, तरीही एक सेकंदाला दहा-वीस आवेग (क्षणिक विद्युत् संकेत) देतो आणि त्याला लागून असलेला मिनिटाकाठी जेमतेम एखादा, हे कसे? आणि हा मोजमापातला दोष तर नाही ना? मोजमापाकडे मी शेवटी येतो. फरक मात्र खरा आहे. पेशीचा प्रकार ठरला की तिच्यात कोणते घटक असणार हे ठरते. प्रत्येक घटक किती असणार हे ठरत नाही, आणि बराचसा फरक तिथूनच सुरू होतो.

काही वेळा आपली वर्गवारीच ढोबळ असते, हे आधी सांगून टाकतो. अनुमस्तिष्कातल्या (मेंदूच्या मागच्या लहान भागातल्या) पर्किंजे पेशी कित्येक दशके एकच प्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. पण त्यांतल्या काही पेशींत झेब्रिन नावाचे प्रथिन असते आणि काहींत नसते. उंदरांमध्ये पहिल्या गटातल्या पेशी सेकंदाला साधारण ६० आणि दुसऱ्या गटातल्या साधारण ९० आवेग देतात. अशा ठिकाणी वर्गवारी सुधारली की कोड्याचा एक भाग सुटतो. मात्र वर्गवारी कितीही बारीक केली तरी फरक शून्यावर येत नाही, आणि याचा सर्वांत निर्विवाद पुरावा खेकड्यातून मिळाला आहे.

खेकड्याच्या जठराची हालचाल चालवणाऱ्या चेतागुच्छिकेत (न्यूरॉनांच्या छोट्या पुंजक्यात) अवघे पंचवीस-तीस न्यूरॉन असतात आणि त्यांतला प्रत्येक ओळखता येतो. उदाहरणार्थ, लॅटरल पायलोरिक नावाचा न्यूरॉन प्रत्येक खेकड्यात एकच असतो, त्यामुळे इथे ‘हा नक्की त्याच प्रकारचा आहे का’ या शंकेला जागाच उरत नाही. चेताशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांच्या ब्रँडाइस विद्यापीठातील प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या खेकड्यांतल्या याच न्यूरॉनमध्ये पोटॅशियमच्या काही प्रवाहांची तीव्रता आणि ते प्रवाह वाहून नेणाऱ्या आयन चॅनेलांच्या (पेशीच्या पटलातील प्रथिनांच्या दारांच्या) संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे ती बनवण्यासाठी जनुकाकडून येणाऱ्या निरोपाचे, प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत वेगळे असते. तरीही त्या साऱ्या खेकड्यांच्या जठराची लय जवळजवळ सारखीच होती.

हे शक्य होते, कारण न्यूरॉनचे वर्तन कोणत्याही एका चॅनेलवर नव्हे, तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहांच्या तोलावर अवलंबून असते. टाकीत पाणी भरणारा आणि काढून घेणारा असे दोन्ही नळ थोडे उघडे असोत वा दोन्ही पुष्कळ उघडे असोत, पाण्याची पातळी तीच राहू शकते. याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये तीन न्यूरॉनांच्या जाळ्याची दोन कोटींहून अधिक संगणकीय रूपे तपासली, तेव्हा त्यांतल्या चार लाखांहून अधिक रूपांनी अशा प्राण्यांच्या जठरात दिसते तशी लय दिली, आणि त्यांच्या घटकांच्या मात्रा एकमेकींपासून फार दूर होत्या. न्यूरॉन स्वतःच्या सक्रियतेचा अंदाज पेशीतील कॅल्शियमवरून घेतो आणि त्यानुसार चॅनेलांची निर्मिती कमी-जास्त करतो, असे आज मानले जाते. म्हणजे तो लक्ष्य गाठतो, पण मार्ग ठरलेला नसतो. त्यात जनुकांपासून आरएनए बनण्याची क्रियाही संथ धारेसारखी नसून अधूनमधून उसळणारी असते, त्यामुळे एकाच क्षणी दोन जुळ्या पेशींमध्येही मात्रा सारख्या सापडणे कठीणच. (अशा गटाची सरासरी काढून केलेले प्रारूप कधी कधी त्या गटातल्या कुणासारखेच वागत नाही, हे सरासरीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

पण जिथे हा तोल पुरता सांभाळला जात नाही, तिथे मात्रेतला दुपटीचा फरक आवेगांच्या गतीत दहापट-वीसपट कसा होतो? इथे उंबरठ्याचे गणित कामाला येते, आणि ते थोडे सावकाश पाहण्याजोगे आहे. समजा, एका न्यूरॉनच्या पटलावरील विद्युत्दाब आवेगाच्या उंबरठ्यापेक्षा (ज्या दाबाला आवेग उमटतो त्यापेक्षा) सरासरी ६ मिलिव्होल्टने खाली असतो आणि दुसऱ्याचा ९ मिलिव्होल्टने. दोघांतही तो सतत वर-खाली होत असतो आणि त्या चढउतारांचे प्रमाणित विचलन (सरासरीपासूनच्या पसरणीचे माप) ३ मिलिव्होल्ट आहे. चढउतार सामान्य वितरणाप्रमाणे (घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे) असतील, तर पहिला न्यूरॉन सुमारे २.३ टक्के वेळ उंबरठ्याच्या वर असेल आणि दुसरा केवळ ०.१३ टक्के. अवघ्या तीन मिलिव्होल्टांनी सतरापट फरक पडला. प्रत्यक्षात आवेगानंतरचा विश्रांतिकाळ, चढउतारांचा वेग अशा बाबी त्यात मिसळतात, पण मूळ स्वभाव हाच राहतो. म्हणूनच मेंदूच्या बाह्यकातील गतींचे वितरण मध्याभोवती समप्रमाणात पसरलेले नसून लॉगनॉर्मल स्वरूपाचे दिसते: बहुतेक न्यूरॉन मंद असतात आणि थोडेसे अतिसक्रिय न्यूरॉन एकूण आवेगांचा मोठा वाटा उचलतात.

आता ते तीन मिलिव्होल्ट येतात कुठून? काही चॅनेलांतून, काही ॲक्सॉनच्या (न्यूरॉनच्या संदेश बाहेर नेणाऱ्या तंतूच्या) आरंभीच्या भागाची लांबी आणि जागा यांतून, कारण आवेग तिथेच उमटतो आणि हा भाग पेशीच्या सक्रियतेनुसार बदलतो. बाकीचे बरेचसे जोडणीतून येतात. दोन शेजारी न्यूरॉनांना हजारो सिनॅप्स (इतर न्यूरॉनांशी असलेले सांधे) असले, तरी ते त्याच पेशींकडून आणि त्याच ताकदीचे नसतात. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील एखादा पिरॅमिडल (पिरॅमिडच्या आकाराचा) न्यूरॉन प्राणी एका जागी असताना जोमाने आवेग देतो आणि त्याच जागी त्याचा शेजारी गप्प असतो. मात्र २०१२ मधील एका प्रयोगात अशा गप्प न्यूरॉनला विद्युत्प्रवाह देऊन त्याचा दाब किंचित वर उचलताच तोही विशिष्ट जागेला प्रतिसाद देऊ लागला. म्हणजे त्याला संदेश मिळतच होते, ते फक्त आवेगापर्यंत पोचत नव्हते. पूर्वेतिहासाचाही वाटा असतो: अमिग्डाला या भीतीशी निगडित मेंदूच्या भागातील ज्या न्यूरॉनांत क्रेब हे प्रथिन जास्त असते ते अधिक उत्तेजनशील असतात आणि नव्या भीतीच्या स्मृतीत सामील होण्याची शक्यताही त्यांचीच जास्त असते.

एकच न्यूरॉन दोन वेळा वेगळा वागतो, हा थोडा निराळा मुद्दा आहे. मेनेन आणि सेजनॉव्स्की या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले की स्थिर प्रवाह दिल्यास त्याच न्यूरॉनच्या आवेगांच्या वेळा प्रत्येक वेळी सरकतात, पण झरझर बदलणारा एकच प्रवाह पुन्हा पुन्हा दिल्यास त्या मिलिसेकंदाच्या आसपास अचूकतेने जुळतात. यावरून पेशीच्या यंत्रणेला बेभरवशाची ठरवणे अन्यायाचे होईल.

तुमची मोजमापाची शंका रास्त आहे. पेशीबाहेर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला वारंवार आवेग देणारे न्यूरॉन सहज सापडतात आणि मंद न्यूरॉन निसटतात, शिवाय दोन पेशींचे आवेग एकीच्या नावावर जमा होऊ शकतात. पण यांतल्या निसटण्याने खरा फरक उलट कमीच दिसतो. तुमच्याकडे मेंदूच्या कापांवर काम करण्याची सोय असेल, तर सिनॅप्स औषधांनी बंद करून प्रत्येक पेशीला पायरीपायरीने वाढणारा प्रवाह द्या आणि प्रवाह व आवेगगती यांचा आलेख काढा. दोन पेशींचे आलेख तरीही वेगळे आले, तर तो फरक पेशींचा अंगभूत आहे. ते एकमेकांवर बसले, तर कारण जोडणीत शोधावे लागेल. माझा अंदाज विचाराल, तर तुम्हाला दोन्हींचे मिश्रण सापडेल, आणि चॅनेलांचा वाटा किती हे पाहण्यासाठी त्याच पेशीत एकेक चॅनेल रोखून आलेख पुन्हा काढावा लागेल.