उद्याच्या भागात काय? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच मालिकेबद्दल आहेत. तिचं नाव छापत नाही, कारण ती लिहिणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांना मी काही विचारलेलं नाही. खालचे अंदाज सर्वस्वी माझे आहेत, पडद्यावर जे दिसतं त्यावरून बांधलेले. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: छापखान्याचा धंदा असलेलं एक कुटुंब. वर्षापूर्वी थोरल्या मुलाची गाडी पुलावरून नदीत गेली, तो सापडला नाही. तेव्हापासून छापखाना थोरली सून चालवते. धाकट्याने वडिलांची गोड बोलून कागदावर सही घेतली आणि घर आपलं झालं म्हणून जाहीर केलं. आता थोरलीचं तिच्या जुन्या वर्गमित्राशी लग्न ठरलंय. दैनंदिन मालिकांचे संवाद मी बरीच वर्षं लिहिले, त्यामुळे उत्तरांत पडद्यामागचंही काही येईल.

ताई, थोरला परत येणारच असं आमच्या घरात सगळे धरून चालले आहेत. मला एकटीला वाटतं, त्याने येऊ नये. कोण बरोबर?

तो येणार. गाडी दाखवली, माणूस दाखवला नाही, इथेच अर्धं उत्तर मिळतं. शिवाय त्याच्या फोटोला अजून हार घातलेला नाही. सासूबाईंनी त्याची खोली आवरू दिलेली नाही. त्याचं घड्याळ थोरलीच्या टेबलावर आहे आणि कॅमेरा कारण नसताना त्यावर जाऊन थांबतो. सेटवर कॅमेरा कारण नसताना कुठेही थांबत नाही. प्रत्येक शॉटला वेळ जातो आणि दिवसाच्या शिफ्टमध्ये वेळच सगळ्यात कमी असतो.

कायद्याकडूनही हाच अंदाज निघतो. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जोडीदार जिवंत असल्याचं सात वर्षं कुणाच्याच कानावर आलं नाही, तर त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मृत धरण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यातही आहे. या कथेत वर्षच झालंय. म्हणजे लग्न लावायचं तर आधी लांबलचक लीप घ्यावा लागेल, कथा एकदम काही वर्षं पुढे न्यावी लागेल. त्याची कसलीच तयारी दिसत नाही: मुलं तीच, सेट तोच. लीप येणार असेल तर लहान मुलांच्या भूमिका आठवडे आधीपासून कमी होत जातात. तेव्हा लग्नाच्या दिवशीच तो दारात उभा राहील असं मी धरून चालते.

पण तुमचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मेलेल्याला परत आणण्याची परंपरा जुनी आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये नायक मिहीर गेला तेव्हा प्रेक्षकांनी एवढा आक्रोश केला की त्याला परत आणावं लागलं. अमेरिकेतल्या 'डॅलस'ने तर कमाल केली. १९८५ मध्ये त्यातला बॉबी मेला. १९८६ मध्ये तो शॉवरखाली जिवंत उभा दिसला आणि मधला अख्खा सीझन त्याच्या बायकोला, पॅमला, पडलेलं स्वप्न ठरला. माणूस परत आला, पण प्रेक्षकांनी वर्षभर जे दुःख खरं मानलं ते वाया गेलं. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. थोरलीने या वर्षात बँकेचे हप्ते फेडले, मशीन दुरुस्त करून घेतलं, कामगारांशी भांडण करून मग समेट केला. नवरा आल्यावर ते सगळं त्याच्या हातात देऊन ती मागे सरकली, तर हे वर्षही स्वप्नच ठरेल.

म्हणून तो येईल की नाही यापेक्षा, आल्यावर निर्णय कोणाचा, याकडे लक्ष ठेवा. एक पळवाट लिहिणाऱ्याला नेहमी खुणावते: वर्गमित्र लबाड निघतो आणि थोरलीला निवड करावीच लागत नाही. तो गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोन करायला लागला, की समजा पळवाट धरली. मी रोज त्या गच्चीकडे बघते आहे. अजून तरी तो साधा, सरळ माणूस आहे, आणि तो तसाच राहावा असं मला अगदी मनापासून वाटतं. दोन चांगली माणसं समोर असताना थोरली काय करते, ते बघायचंय मला.

धाकट्याने वडिलांची सही घेतली त्या रात्री माझ्या सासूबाई जेवल्या नाहीत. घर परत मिळेल का?

सासूबाईंना सांगा, घर गेलेलंच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर बक्षीस द्यायचं तर बक्षीसपत्र लेखी लागतं, त्यावर देणाऱ्याची सही लागते, किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. स्टॅम्प पेपरवर घाईत घेतलेल्या एका सहीने घराचा मालक बदलत नाही. सासरे नोंदणीसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेल्याचं आपल्याला दाखवलेलं नाही. अंगठ्याचा ठसा, फोटो, काही नाही. दाखवलं असतं तर गोष्ट अवघड झाली असती. मग दिवाणी न्यायालयात जाऊन फसवणूक सिद्ध करावी लागली असती. ते दाखवलं नाही याचा अर्थ लिहिणाऱ्यांनी परतीचा दरवाजा उघडा ठेवलाय.

आता त्या प्रसंगाचा भाग मिळाला तर पुन्हा बघा. सही होते तेव्हा खोलीत तिघं आहेत: सासरे, धाकटा आणि पाण्याचा पेला घेऊन आलेली नणंद. तिचा चेहरा दोन सेकंद दिसतो. त्यानंतर ती पोरगी त्या विषयावर अवाक्षर बोललेली नाही. तिच्याबद्दल खाली लिहिते.

एक मात्र मला खटकतं. अशा प्रसंगानंतर कुठल्यातरी पात्राने दोन-चार भागांतच खरा कायदा सांगायला हवा. म्हातारी माणसं हे बघून घाबरतात. काही जण तर यावरूनच कायदा शिकतात, आणि मग खरोखर कुणी सही मागितली तर आता आपलं सगळं संपलं असं समजून गप्प बसतात. वकिलाचं एक वाक्य पुरलं असतं. तणावही कमी झाला नसता, कारण धाकट्याला नोंदणीसाठी वडिलांना तिथवर न्यावंच लागलं असतं, आणि तेच पाहायला आपण बसलो असतो.

रविवारच्या महाएपिसोडच्या प्रोमोत सासूबाई थोरलीच्या थोबाडीत मारतात. असं खरंच होईल?

मला नाही वाटत. प्रोमो पुन्हा पाहा. हात उचलला जातो त्या शॉटमध्ये फक्त सासूबाई आहेत आणि थोरलीच्या वळलेल्या चेहऱ्यात फक्त थोरली. दोघी एका फ्रेममध्ये कुठेच नाहीत. सासूबाईंच्या साडीचा काठ हिरवा आहे. थोरलीसोबतच्या बाकीच्या तुकड्यांत तो जांभळा आहे. हात बहुधा धाकट्यावर उचललेला असावा. प्रोमोत दाखवलेलं सहसा खरंच घडतं, फक्त कोण कुणाशी बोलतंय ते कापून जोडलेलं असतं. कपडे, दागिने आणि मागची भिंत जुळवून पाहण्याची सवय लावा.

गुपित राखण्यासाठी निर्माते याहूनही पुढे जातात. 'डॅलस'मध्ये मार्च १९८० मध्ये बॉबीच्या भावावर, जे. आर.वर, गोळी झाडली गेली आणि कुणी झाडली ते नोव्हेंबरमध्ये कळलं. मध्ये कलाकारांचा संप झाल्याने उत्तर आणखी लांबलं. बातमी फुटू नये म्हणून वेगवेगळ्या कलाकारांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं होतं.

थोरला स्मृती गेलेल्या अवस्थेत येईल आणि डोक्याला मार लागून सगळं आठवेल, असा आमचा अंदाज आहे.

तुमचा अंदाज खरा ठरू शकतो आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. डोक्याला मार बसल्यावर बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो, नवं लक्षात ठेवायला त्रास होतो. स्वतःचं नाव आणि घर विसरून बाकी सगळं सुरळीत, असं फार क्वचित घडतं. आणि दुसऱ्या माराने पहिल्याचं नुकसान भरून येत नाही, वाढतं. त्यापेक्षा तो शुद्धीवर असूनही वर्षभर परतला नाही, असं दाखवलं तर? कर्ज त्याच्याच डोक्यावर होतं, हे पहिल्या महिन्यातच आपल्याला सांगितलं होतं. मला हे जास्त पटतं, कारण मग थोरलीला त्याला विचारायला खरा प्रश्न मिळतो.

ही कथा बंगाली मालिकेवरून घेतल्याचं ऐकलं. मूळ मालिकेचा शेवट वाचला तर पुढचं सगळं कळेल का?

सुरुवातीचं कळेल, शेवट नाही. 'श्रीमोयी' ही बंगाली मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यावरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात मराठीत 'आई कुठे काय करते' आली आणि २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा'. मूळ मालिका २०२१ मध्ये संपली. मराठीतली पुढे २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. म्हणजे जवळपास तीन वर्षं तिच्या लेखकांसमोर मूळ कथाच नव्हती. एकाच बीजाच्या या मालिका आपापल्या वाटेने वाढल्या. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर कथेचा कुठला ट्रॅक ताणायचा, कुठला गुंडाळायचा ते ठरतं. मूळ मालिकेतून पात्रांचे स्वभाव समजून घ्या, प्रसंग शोधू नका.

ताई, मी नववीत आहे. मला नणंदेची भूमिका सगळ्यात आवडते, पण तिला आता कुणी काही बोलायलाच देत नाही. तिचं पुढे काही होणार आहे की तिला काढून टाकणार?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इतक्या पत्रांत नणंदेचं नाव काढणारी तू एकटी आहेस.

तिला काढणार नाहीत. काढायचं असतं तर शिक्षणासाठी दुसरीकडे पाठवली असती; भूमिका बंद करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग. तिला घरातच ठेवलीय, जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगात ठेवलीय, आणि गप्प ठेवलीय. रोज सेटवर बोलावलेल्या कलाकाराचे पैसे द्यावे लागतात. जिला दिवसभर थांबवून एकही वाक्य देत नाहीत, तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवलेलं असतं.

आता तू स्वतः जोडून बघ. सही होताना ती खोलीत होती. पूर्वी ती धाकट्या भावाच्या खोलीत बिनधास्त जायची, आता दारातूनच वळते. छापखान्यात थोरलीला मदत करायला ती जाते आणि एकदा जुन्या पावत्यांच्या फाइलीत तिने काहीतरी ठेवलं. ते काय, ते दाखवलं नाही. माझा अंदाज असा की सहीच्या कागदाची प्रत तिच्याकडे आहे आणि ती भावाविरुद्ध बोलायला घाबरते आहे. लाडकी बहीण घाबरते तेव्हा ती खलनायकाला नाही, भावाला घाबरते. ते लिहायला फार अवघड आणि फार सुंदर असतं. तिने बोलायचं ठरवलं तर घर वाचेल, आणि थोरलीच्या लग्नाच्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असताना ती बोलेल, असं मला वाटतं.

एका गोष्टीवर नजर ठेव: तिला अचानक स्थळ सांगून आलं, तर समज की धाकट्याला संशय आलाय.

आपण एवढे अंदाज बांधतो, पत्रं लिहितो. लिहिणाऱ्यांपर्यंत त्यातलं काही पोहोचतं का?

पोहोचतं, पण उशिरा. पुढचे काही भाग नेहमी चित्रित होऊन पडलेले असतात, त्याच्या पुढच्यांची कथा वाहिनीने मंजूर केलेली असते. तुमचं आजचं पत्र या आठवड्याचा भाग बदलू शकत नाही, पुढचा ट्रॅक मात्र बदलू शकतं.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. त्यांना लाखो पत्रं आली. लोक मालिकेतल्या थोरल्या मुलीला, बडकीला, सल्ले द्यायचे. सोसत राहणारी आई, भागवंती, बघून प्रेक्षक म्हणतील की असं जगू नये, अशी करणाऱ्यांची अपेक्षा होती. पुष्कळांना तीच आदर्श वाटली. प्रेक्षक कथेतून काय उचलतो, हे लिहिणाऱ्याला कळवल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा लिहा, आणि नेमकं लिहा. 'थोरल्याला परत आणा' किंवा 'आणू नका' एवढ्याने काही होत नाही, त्याची गणती होते आणि पत्र बाजूला पडतं. कुठला प्रसंग, कुणाचं कुठलं वाक्य मनाला लागलं आणि का, ते लिहा. मी वाहिनीला दोन गोष्टी कळवल्या आहेत: थोरला आला तरी छापखान्याच्या किल्ल्या थोरलीकडेच राहू द्या, आणि नणंदेला तिचं वाक्य लवकर द्या.