तुमचे प्रश्न: घरातलं स्वस्त एस्प्रेसो मशीन, घ्यावं का आणि घेतलंच तर काय करावं

मागच्या अंकात कॉफी मशीनबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की निम्मे बाजूला ठेवावे लागले. बरेचसे एकसारखे होते म्हणून एकत्र करून घेतलेत. पत्रं थोडी छाटलीयेत, रागावू नका.

प्रश्न: दादा, बजेट कमी आहे. तीन मशीन बघितली, एकावर 15 बार लिहिलंय, एकावर 20 बार, तिसऱ्यावर काहीच नाही पण ते सगळ्यात स्वस्त आहे आणि वाफेवर चालतं म्हणे. 20 वालं घ्यावं ना? – गोंधळलेलं गिऱ्हाईक

नाही, 20 बघून तर अजिबात घेऊ नका. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण 9 बार दाब लागतो, आणि खोक्यावरचा आकडा म्हणजे पुढची वाट पूर्ण बंद असताना पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो तो. म्हणजे 15 काय नि 20 काय, कपात त्यातलं काही उतरत नाही. तुम्ही कॉफी किती बारीक दळलीय, बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या भोकांच्या वाटीत, किती भरलीय यावर खरा दाब ठरतो, पंप फक्त ढकलतो.

आता ते तिसरं. त्यात पंपच नसतो. बंद भांड्यात पाणी उकळतं, वाफ साचते आणि तीच वाफ पाण्याला कॉफीतून ढकलते, दाब येतो जेमतेम दीड ते तीन बार, आणि पाणी उकळतं असल्यामुळे कॉफी करपट कडू लागते. 1901 मध्ये बेझेरा नावाच्या इटालियन माणसाने पेटंट घेतलेलं मशीनही वाफेच्याच दाबावर चालायचं, एस्प्रेसोवरचा तो दाट सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, आला तो 1940 च्या दशकाच्या शेवटी गाज्जिया या इटालियन माणसाच्या लिव्हरवाल्या मशीननंतर, आणि पंप आला 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 मशीनबरोबर. तेव्हा वाफेचं मशीन घेऊन क्रेमाची वाट बघत बसू नका. तशीच कडक कॉफी हवी असेल तर मोका पॉट घ्या, 1933 पासून आहे, त्यात एक रबरी रिंग सोडली तर बिघडण्यासारखं काही नाही आणि मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

वाफेवालं ओळखायचं कसं, तर पाणी ओतून वरचं झाकण फिरवून घट्ट आवळायचं असेल आणि पाण्याची टाकी वेगळी निघत नसेल तर ते वाफेचं. पंपवाल्याची टाकी बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने उचलून नळाखाली धरता येते.

पहिल्या दोनांत निवडायचं तर बार सोडा आणि हे बघा: बास्केटचा व्यास किती (51, 54 की 58 मिलिमीटर, कारण टँपर म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा, सुट्टी बास्केट वगैरे त्याच मापाची शोधावी लागतात), एकाच पत्र्याची साधी बास्केट (दुहेरी पत्र्याचीबद्दल खाली ग्राइंडरच्या प्रश्नात) सोबत येते का किंवा निदान वेगळी मिळते का, तोटीखाली तुमचा नेहमीचा कप मावतो का, आणि रबरी गास्केट, म्हणजे पाणी कडेने गळू न देणारी रिंग, सुटं मिळतं का. हे शेवटचं कोणी विचारत नाही आणि नंतर एवढ्याशा रबरासाठी अख्खं मशीन माळ्यावर जातं.

प्रश्न: माझ्याकडे छोटं पंपवालं मशीन आहे, साधी बास्केट पण घेतली, टँपर घेतला, चांगल्या बीन्स घेतल्या. तरी कॉफी आंबटढाण. बटण दाबलं की आठ-दहा सेकंदात कप भरतो, रंग पण फिकट. मशीनच फालतू आहे का? – वैतागलेला

मशीनला लगेच शिव्या नका देऊ. आठ-दहा सेकंदात कप भरतोय म्हणजे पाणी कॉफीला नीट न भिजवता पळून जातंय. कॉफीतलं आंबट आधी विरघळतं, गोडवा त्याच्यामागून येतो आणि कडवटपणा सगळ्यात शेवटी, तेव्हा लवकर थांबलं किंवा पाणी भसकन गेलं की नुसतं आंबट हातात येतं.

आधी एक छोटा वजनकाटा घ्या, 0.1 ग्रॅम दाखवणारा, टँपरच्या आधी खरं तर हाच घ्यायला हवा होता. बास्केटमध्ये मावेल तेवढी कॉफी मोजून भरा, समजा 16 ग्रॅम, आणि कप काट्यावर ठेवून त्याच्या दुप्पट म्हणजे 32 ग्रॅम कॉफी उतरली की बंद करा. पंप सुरू झाल्यापासून याला 25 ते 30 सेकंद लागायला हवेत. कमी लागले तर अजून बारीक दळा, थेंबथेंब पडून पाऊण मिनिट लागलं तर जाड करा. बस, खेळ एवढाच आहे, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक काय करतात, दळण पण बारीक करतात, कॉफी पण वाढवतात, जोर पण जास्त लावतात आणि मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. एस्प्रेसोला पाणी 90 ते 96 अंश सेल्सिअसच्या मधलं हवं आणि स्वस्त मशीनमध्ये दिवा लागला म्हणजे आतलं पाणी तापलं एवढंच, तो जड धातूचा पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा दांडीवाला भाग, अजून गारच असतो आणि पाण्यातली उष्णता तोच खाऊन टाकतो. म्हणून कॉफी न भरता रिकामी बास्केट लावून एकदा गरम पाणी काढा, ते कपातच पडू द्या म्हणजे कपही गरम होतो, मग बास्केट पुसून कोरडी करा आणि कॉफी भरा. आंबटपणा बऱ्यापैकी यानेच उतरतो.

तिसरं, भरताना कॉफीच्या गुठळ्या राहतात, पाणी त्यांना वळसा घालून सोप्या वाटेने निघून जातं, म्हणजे एक बाजू कोरडी नि एक बाजू धुऊन निघालेली. बारीक सुई बुचात खोचून तिने कॉफी तळापासून हलकेच ढवळा, वर सपाट करा, मग टँपर सरळ उभा दाबा. किती किलोचा जोर लावायचा यावर लोक तावातावाने भांडतात, माझ्या मते तो वाद फुकटचा आहे, दाब सरळ आणि रोज सारखा असला की झालं. तिरका दाबला तर मात्र घोटाळा होतो.

आणि बीन्स चांगल्या म्हणताय, पण भाजल्याची तारीख बघितली का? पाकिटावर नुसती एक्सपायरी असेल आणि भाजल्याची तारीख नसेल तर मला तरी शंका येते. भाजल्यावर बीन्समधून कार्बन डायॉक्साइड निघत असतो, अगदी ताज्या असतील तर शॉट, म्हणजे कपात उतरणारी एस्प्रेसो, उड्या मारत येतो आणि फार जुन्या झाल्या की क्रेमा धरत नाही. आठवडाभराने उघडा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. हलक्या भाजलेल्या बीन्स छोट्या मशीनवर फार छळतात, मध्यम किंवा थोड्या गडद घ्या, निम्मी डोकेदुखी तिथेच जाईल.

हे सगळं करून 22 सेकंदात येणारी कॉफी जिभेला आवडली तर घड्याळाकडे बघू नका.

प्रश्न: ग्राइंडर खरंच लागतो का हो? मशीनलाच एवढे पैसे गेल्यावर वर अजून एक खर्च? घरात मिक्सर आहे की. – काटकसरी ताई

ताई, मिक्सरचं पातं दळत नाही, फोडतं. त्यात अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी कणीदार निघते, पीठ कडू होतं, कणी आंबट राहते आणि दोन्ही चवी एकाच कपात. त्याने एस्प्रेसो जमत नाही, कितीही चाळा. दोन बर, म्हणजे दातेरी चकत्यांमधून दळणारा ग्राइंडर लागतो आणि पैसे कमी असतील तर हाताने फिरवायचा घ्या, त्याच पैशातल्या विजेवरच्यापेक्षा तो बहुतेक वेळा सरस निघतो, फक्त सकाळी सकाळी दंडाला व्यायाम. घेताना तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का आणि सेटिंगचे टप्पे छोटे आहेत का ते विचारा, कारण एका टप्प्यात दहा सेकंदांचा फरक पडत असेल तर मधली चव कधी सापडणारच नाही.

माझं मत सरळ आहे, एकूण रक्कम ठरलेली असेल तर मशीन एक पायरी खालचं घ्या आणि ग्राइंडर एक पायरी वरचा.

ग्राइंडर घ्यायचाच नसेल तर मशीनसोबत येणारी दुहेरी पत्र्याची बास्केट वापरा. तिच्या खालच्या पत्र्याला एकच बारीक भोक असतं, दाब तिथे तयार होतो, त्यामुळे दळून आणलेली कॉफीसुद्धा चालते. वर जो फेस दिसतो तो बराचसा त्या भोकाने केलेला असतो, क्रेमा म्हणून त्याचे फोटो नका काढू. पण दूध घालून प्यायची असेल तर काही बिघडत नाही आणि यात कमीपणा वाटून घेण्यासारखंही काही नाही.

प्रश्न: दुधाला फेस येतो पण साबणासारखे मोठे बुडबुडे, कॅफेसारखं मऊ होत नाही. दूध वाफवल्यावर लगेच दुसरी कॉफी काढली तर ती जळकी लागते, हे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, सोपं आहे. छोट्या मशीनमध्ये कॉफीला आणि वाफेला बहुतेक एकच बॉयलर किंवा हीटर असतो, वाफेसाठी तो 100 च्या बराच वर जातो आणि लगेच शॉट काढला की ते तापलेलं पाणी कॉफीवर पडतं. वाफ बंद केल्यावर फुसफुस थांबून साधी धार येईपर्यंत पाणी वाहू द्या, मग कॉफी. नाहीतर सगळे शॉट आधी काढून घ्या आणि दूध शेवटी.

आता फेस. दूध फ्रिजमधलं थंडगार हवं, जग अर्ध्याच्या खाली भरलेला. आधी वाफेच्या नळीतलं साचलेलं पाणी बाहेर सोडा. मग नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली धरा, कागद फाडल्यासारखा चर्र चर्र आवाज येईल, हवा आत जाते ती तेव्हाच. दूध कोमट होईपर्यंतच हे करायचं, नंतर टोक थोडं खोल आणि एका कडेला न्यायचं म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतं आणि मोठे बुडबुडे मोडतात. तुम्ही बहुतेक शेवटपर्यंत हवाच भरताय. जगाला तळहात टेकवता येईना की थांबा, तेव्हा 60-65 अंश झालेले असतात, 70 च्या पुढे गोडवा जातो आणि नुसत्या उकळलेल्या दुधाचा वास येतो. नळीवर प्लास्टिकची किंवा स्टीलची जाड टोपी असेल तर ती स्वतःच हवा ओढते, काढता येत असेल तर काढून बघा. आणि नळी तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसा, वाफ सोडून भोक मोकळं करा. वाळलेलं दूध नंतर खरवडताना जीव जातो.

प्रश्न: मी काळी कॉफीच पितो, मोठा मग, दिवसातून दोनदा. कुठलं एस्प्रेसो मशीन घेऊ?

कुठलंच नको. साधा ड्रिप कॉफी मेकर घ्या, लिटरला 60 ग्रॅमच्या आसपास कॉफी, काचेच्या भांड्याखाली गरम तवा असण्यापेक्षा थर्मासवालं भांडं असलेला बघा, कारण तव्यावर राहिलेली कॉफी अर्ध्या तासात कडू होते. कागदी फिल्टरचा आणखी एक फायदा, कॉफीतलं कोलेस्टेरॉल वाढवणारं तेलकट द्रव्य कागदात अडकतं. उरलेल्या पैशांत चांगल्या बीन्स आणा.

प्रश्न: मशीन हल्ली फार आवाज करतं आणि धार बारीक झालीय. व्हिनेगर घालून साफ केलं तर चालेल? कॉफी झाल्यावर पोर्टाफिल्टर काढताना भुसा अंगावर उडतो, तो पण बिघाडच का?

धार बारीक होणं म्हणजे बहुतेक आत क्षार बसलेत. पाणी जड असेल तर दोन-तीन महिन्यांत सुद्धा बसतात. व्हिनेगरने क्षार निघतात पण वास जाता जात नाही, त्यापेक्षा लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड बरं, लिटरला 20-30 ग्रॅम. अर्धं पाणी काढायचं, वीसेक मिनिटं थांबायचं, उरलेलं काढायचं आणि मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण वाहू द्यायच्या. फक्त आधी माहितीपुस्तिका बघा, बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर कंपन्या कधीकधी ठरावीक द्रावणच वापरायला सांगतात. क्षारच नकोत म्हणून डिस्टिल्ड पाणी भरायचं डोक्यात असेल तर तेही नको, कॉफी बेचव होते आणि धातूलाही ते बरं नाही. आणि क्षार काढूनही धार तशीच राहिली तर पोर्टाफिल्टरच्या वरची, जिथून पाणी पडतं ती जाळी बघा, तिच्यात कॉफीचं तेल आणि चुरा अडकतो. स्क्रू काढून कोमट पाण्यात घासा.

भुसा उडणं हा बिघाड नाही. महागड्या मशीनमध्ये शॉट संपल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो, स्वस्तात तो बहुधा नसतो, दाब आतच अडकून राहतो. अर्धा-एक मिनिट थांबून हळू काढा. आणि हो, ज्यात हा व्हॉल्व्ह नाही त्या मशीनला बंद, म्हणजे बिनभोकांची, बास्केट लावून उलटं धुण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न: सेकंडहँड घ्यावं का?

घ्या की, पण चालू करून बघितल्याशिवाय नाही. टाकी भरून पाणी काढा आणि वाफ सोडा, दोन्ही व्हायला हवं. पोर्टाफिल्टर बसवून पाणी काढताना कडेने गळत असेल तर गास्केट कडक झालंय, ते बदलता येतं, तेवढ्यावर किंमत पाडून घ्या. टाकीच्या तळाला पांढरा थर दिसला तर आत त्याहून जास्त असणार असं धरून चाला. पंपाचा घर्र आवाज येतोय पण पाणीच येत नाही आणि विकणारा म्हणतोय की बरेच दिवस बंद होतं म्हणून, होईल सुरू, तर सुरू झाल्यावर फोन करा म्हणावं.