ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही त्यांच्या फाइली

प्रिय बाळ,

रविवारी तू लॅपटॉप घेऊन आलीस तेव्हा कूलरच्या आवाजात तुझं अर्धंच ऐकू आलं मला, पण चेहरा दिसत होता. तुझ्या थीसिसचा प्रश्न, हृदयाच्या बंद आर्टरीला बायपास केला तर माणूस जास्त जगतो की नुसत्या गोळ्यांवर, आणि ते तू जुन्या फाइलींवरून काढून राहिलीस. गाइड म्हणतात जुन्या फाइलींचा डेटा म्हणजे कचरा, ट्रायल, म्हणजे चिठ्ठी टाकून पेशंट दोन गटांत वाटलेला अभ्यास, असेल तरच बोल, आणि युनिटमधले दुसरे सर म्हणून राहिले की त्या ट्रायल सगळ्या तिकडच्या, परदेशातल्या, आपल्या पेशंटच्या आर्टरी बारीक, शुगर घरोघरी, आपल्याला आपल्याच फाइली खऱ्या. आणि तुझ्या टेबलात बायपासवाले गोळ्यांवाल्यांपेक्षा इतके जास्त जगलेले दिसले की तुझी तुलाच शंका आली. ती शंका आली म्हणून लिहून राहिलो, नाहीतर मी आता कुणाला असं लांबलचक लिहीत नाही.

दोघांचंही ऐकू नको. फाइल उघडलीस की एकच विचार: या माणसाला या बाजूला कुणी पाठवलं, कधी, आणि काय पाहून? ट्रायल असो की रेकॉर्ड रूम, प्रश्न हाच.

आता माझं सांगतो. १९९६-९७ ची गोष्ट, तेव्हा मी एका हॉस्पिटलसाठी, नाव घेत नाही, आकडे काढून दिले होते. थ्री व्हेसलचे, म्हणजे हृदयाच्या तिन्ही मोठ्या आर्टरी अडलेले पेशंट, एका बाजूला बायपास झालेले, दुसऱ्या बाजूला बाकीचे सगळे म्हणजे 'गोळ्यांवाले'. मी ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर घेतलं, त्यातली नावं सर्जरी गटात टाकली, आणि अ‍ॅन्जिओग्राफीच्या, म्हणजे आर्टरी कुठे अडली ते पाहायच्या तपासणीच्या, यादीतले उरलेले मेडिकल गटात. सोपं वाटलं. रिझल्ट इतका सुंदर आला की कॉन्फरन्समधे टाळ्या पडल्या, आणि ती स्लाइड पुढे तीन-चार वर्षं नातेवाईकांना समजावून सांगायला वापरली गेली.

मग एकदा दुसऱ्याच कामासाठी रेकॉर्ड रूममधे बसलो होतो, मे महिना, आणि तिथल्या क्लार्कने एक फाइल पुढे केली, म्हणे सर याचं काय करू, याचे पैसे परत गेले का ते कुठे लिहिलेलंच नाही. काटोलकडचा संत्रावाला शेतकरी. अ‍ॅन्जिओ झालेली, बायपास सांगितलेला, आणि कागदांना गंजलेल्या पिनेने टोचलेली पाच हजार रुपये अ‍ॅडव्हान्सची पिवळी पावती. मागे पेनाने लिहिलेलं, आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) माल निघाला की येतो म्हणाले. तारीख पण दिलेली होती, आणि त्या तारखेच्या नऊ दिवस आधी माणूस गेला.

माझ्या टेबलात तो कुठे होता माहितीये? मेडिकल गटात, मृत्यू. म्हणजे गोळ्यांचं अपयश म्हणून मी त्याला मोजला होता. सर्जरीसाठी निवडलेला, पैसे भरलेला, संत्र्याच्या पैशाची वाट पाहणारा माणूस. मी त्याच दिवशी बाकीच्या फाइली काढायला लावल्या, तशा अजून निघाल्या. बायपासच्या गटात यायचं तर ऑपरेशनच्या सकाळपर्यंत जिवंत राहावंच लागतं ना बाळ, आणि वाट पाहताना जे गेले ते सगळे आपोआप समोरच्या बाजूच्या नावावर चढतात. त्या दिवसापासून माझा हेका आहे: घड्याळ सगळ्यांचं एकाच क्षणी सुरू कर, ज्या दिवशी अ‍ॅन्जिओ पाहून निर्णय झाला त्या दिवशी, टेबलवर चढले त्या दिवशी नाही.

तू विचारशील की सर तुम्ही ते मागे का नाही घेतलं. मी हेडला सांगितलं होतं. ते म्हणाले सगळेच असं मोजतात, आणि स्मरणिकेत छापलेला गोषवारा मागे कसा घेतात ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, माझी पोस्ट टेंपररी होती, घरी दोन पोरी शाळेत. आणि दिशा चुकीची नव्हती हे आजही म्हणतो. १९९४ साली सात ट्रायलचे २६४९ पेशंट एकत्र करून मोजले गेले त्यात पाच वर्षांनी बायपासकडे १०.२ टक्के मृत्यू आणि गोळ्यांकडे १५.८. दिशा तीच होती. फक्त माझा फरक फुगलेला होता, आणि कितीतरी घरं तो फुगलेला आकडा ऐकून सही करून गेली, शेत गहाण टाकून गेली. ते मला टोचतं. टोचायलाच पाहिजे.

आता तुझ्या गाइडचं म्हणणं घे. फाइलींचा डेटा कचरा? मग सीएएसएस वाच नीट, सत्तरच्या दशकातली अमेरिकेतली बायपास विरुद्ध गोळ्या अशी ट्रायल. ७८० पेशंट चिठ्ठी टाकून वाटले. पण अजून १३१५ जण होते जे ट्रायलमधे बसत होते आणि चिठ्ठीला तयार नव्हते, त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आपली बाजू आपण निवडली. त्यांच्यावरही तितकंच लक्ष ठेवलं, आणि त्यांचे निकाल चिठ्ठीवाल्यांसारखेच आले. १९८८ साली ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी आपल्या वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदींवरून मोठ्या ट्रायलमधे काय यायला पाहिजे होतं याचा अंदाज काढला आणि बहुतेक ठिकाणी तो जुळला. का जुळला? कारण त्यांच्याकडे हृदयाचं पंपिंग किती, कुठली आर्टरी बंद, छातीत दुखणं किती हे सगळं आधी लिहून ठेवलेलं होतं, आणि कोण कुठल्या बाजूला गेला याचा हिशोब होता. ती तुझ्या रेकॉर्ड रूमसारखी नव्हती, खरंय. म्हणून तर म्हणतो फाइलीला कचरा म्हणण्याआधी फाइल कशी भरली जाते ते बघ.

आणि दुसऱ्या सरांचं. त्यांना दोन्ही मॅमरीचं प्रकरण विचार. बायपासची नवी वाट जोडायला छातीच्या आतल्या एकीऐवजी दोन्ही मॅमरी आर्टरी वापरल्या तर माणूस जास्त जगतो असं फाइलींचे अभ्यास कित्येक वर्षं सांगत होते. मग हेच तपासायला एआरटी नावाची ट्रायल झाली, ३१०२ पेशंट, २०१९ ला दहा वर्षांचा निकाल: दोन्हीवाल्यांत २०.३ टक्के मृत्यू, एकवाल्यांत २१.२. फरक म्हणावा असा नाहीच. विचार, सर्जन दोन्ही मॅमरी कुणाला लावतो? पन्नाशीतला, शुगर नसलेला, छातीचं हाड नीट जुळून येईल असा. त्या अभ्यासांमधे पहिल्याच वर्षी दोन गटांत फरक दिसत होता, आणि पहिल्या वर्षी दुसऱ्या मॅमरीला काही करून दाखवायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे जगत होते ते निवडीमुळे. कुणी पाठवलं, काय पाहून, तेच परत.

पण लगेच ट्रायलच्या पायाही पडू नको. त्याच एआरटीत दोन्ही लावायच्या ठरल्या त्यातल्या जवळपास १४ टक्क्यांना शेवटी एकच लागली. जुन्या सात ट्रायलमधे दहा वर्षांत गोळ्यांवाल्यांपैकी ४१ टक्के लोकांचं बायपास होऊन गेलेलं होतं, आणि मोजताना ते गोळ्यांच्याच खात्यावर, म्हणजे इथे फरक दबला. चिठ्ठीने बाजू ठरते, पण दारातून आत कुणाला घेतलं हे चिठ्ठी ठरवत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांची ६८६ जणांची ट्रायल, १९७७ ला आली ती, सगळे पुरुष. युरोपातलीही पुरुषांचीच, ६५ च्या आतल्या. मॅमरी त्या काळात दहातल्या जेमतेम एकाला लागलेली, आणि स्टॅटिन, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, तर नव्हत्याच. तुझ्या वॉर्डात भंडाऱ्याहून आलेली अडुसष्ट वर्षांची शुगरवाली बाई त्या ट्रायलमधे कुठेच नाही. तिच्यासाठी तुला फाइलींकडेच यावं लागेल, म्हणून तर मी इतका भांडून राहिलो की त्या नीट मोज.

आणि ते प्रोपेन्सिटी मॅचिंग, म्हणजे दोन्ही गटांतले सारखे पेशंट शोधून जोड्या लावायच्या, ते करून टाकू सर, असं जे तू चहा पिता पिता म्हणालीस ना, त्याचा मला राग आला, खरं सांगतो. मी ते शिकवलंय बाळ. १९८४ मधे रोझेनबाम आणि रुबिन यांनी पद्धत समजावून सांगितली ती बायपास विरुद्ध गोळ्या याच उदाहरणावर, १५१५ पेशंट, ७४ गोष्टी धरून. चौऱ्याहत्तर! तुझ्या एक्सेल शीटमधे अकरा कॉलम आहेत, त्यातला पंपिंगचा कॉलम निम्मा रिकामा. पेशंट जिना चढून वर आला की व्हीलचेअरवर आणला, सोबत मुलगा होता की कुणीच नव्हतं, हे पाहून सर्जन मनात हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो आणि ते कागदावर उतरतच नाही. जे लिहिलंच नाही त्याची जोडी कशी लावशील? आणि घड्याळ चुकीच्या दिवशी लावलं असेल तर कितीही जोड्या लाव, काटोलवाला चुकीच्याच रकान्यात राहणार.

रागावलो असेन तर असू दे. तू हुशार आहेस, आणि माझ्यावेळी मला थांबवणारं कुणी नव्हतं.

तर असं कर. थिएटरचं रजिस्टर बाजूला ठेव. कॅथ लॅबचं, जिथे अ‍ॅन्जिओ होते तिथलं, रजिस्टर माग, नाही म्हणाले तर माझं नाव सांग, तिथला टेक्निशियन मला ओळखतो. अ‍ॅन्जिओची तारीख हा पहिला दिवस धर. प्रत्येक नावापुढे लिही, त्या दिवशी काय सुचवलं होतं: बायपास, स्टेंट की गोळ्या. नंतर प्रत्यक्षात काय झालं आणि कधी, ते वेगळ्या कॉलममधे. मग ज्यांना बायपास सांगितला आणि ज्यांचा झालाच नाही त्यांची वेगळी थप्पी लाव. पैसे नव्हते, घाबरले, दुसरीकडे गेले, वाट पाहताना गेले, सर्जनने नंतर नको म्हटलं, प्रत्येकाचं कारण फोन करून विचार, फाइलीवर फोन नंबर असतो. गावाकडे दुपारी करू नको, संध्याकाळी सातनंतर कर, आणि आधी स्वतःचं नाव सांग, कारण समोर त्या माणसाची बायको असू शकते. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे, त्या कमिटीवर मी सहा वर्षं बसलोय, अर्ज मी बघून देतो.

पहिल्या पन्नास फाइली झाल्या की त्या थप्पीत किती आल्या तेवढं कळव. रात्री दहापर्यंत जागा असतो.

तुझा,
सर