फाशांची पंचाईत : आठ लांडगे, सोळा फासे

प्रश्न : काका, आम्ही पाच जण लोकमान्य नगरात रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथा-खेळ खेळतो, २०१४च्या नियमांनी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. मावसबहीण ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र. पाचवी लेव्हल आल्यापासून ती प्रत्येक लढाईत ‘कंज्युअर अ‍ॅनिमल्स’ हा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकून आठ लांडगे बोलावते. तिची पाळी संपेपर्यंत बाकीचे खाली जाऊन पोहे-जिलेबी खाऊन येतात. लांडगेच हवेत, हा हट्ट नियमात बसतो का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही बसत, बेटा. तिने निवडायची ती फक्त संख्या : चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी त्याचा आकडा) २ चा एक प्राणी, १ चे दोन, अर्ध्याचे चार किंवा पावचे आठ. नेमके कोणते प्राणी येणार, हे डीएम ठरवतो. खेळ काढणाऱ्या कंपनीने तसा खुलासाही केला आहे. ती ‘आठ’ म्हणाली की तू रानडुकरं दे. रेटिंग ‘पाव किंवा त्याहून कमी’ असं लिहिलंय, म्हणजे आठ बकऱ्याही चालतात. पण मग दिवाळीला मावशीकडे कोणत्या तोंडाने जाशील?

तिला लांडगेच का हवेत, तेही बघ. कळपातला दुसरा कोणी शत्रूला खेटून उभा असला की लांडग्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. आठ लांडग्यांचे सोळा फासे! वर चाव्याचं नुकसान, वर शत्रू आडवा पडतो का ते. तुमचा वेळ इथे जातो. आमच्याकडे मी नुकसानाचे फासे टाकूच देत नाही. पुस्तकात सरासरी ७ छापलेली आहे, तीच धरायची. आणि हुकूम तिने आपली पाळी यायच्या आत ठरवून ठेवायचा. हुकूम नाही, तर लांडगे फक्त स्वतःचा बचाव करतात.

शत्रूंनाही जरा अक्कल दे. हा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल आहे, म्हणजे तिचं लक्ष टिकेल तोवरच चालतो. तिला घाव बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरण्यासाठीचा फासा; गाठायचा आकडा १० किंवा नुकसानाच्या निम्मे, जास्त असेल ते. हुकला की सगळा कळप गायब. लांडग्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ११. फायरबॉल या आगीच्या स्पेलचं नुकसान सरासरी २८, सेव्ह जमला तरी १४. मात्र दर रविवारी फायरबॉल टाकलास तर ती खेळ सोडेल, आणि बरोबरच करेल.

माझं मत विचारशील तर तिला २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन’ या पुस्तकातला ‘समन बीस्ट’ हा स्पेल घ्यायला लाव. एकच प्राणी, तिच्या पाळीला लागूनच त्याची पाळी, आणि वरच्या स्लॉटने, म्हणजे जास्त ताकद खर्चून, टाकला की तो तगडा होतो. २०२४च्या पुस्तकातला नवा ‘कंज्युअर अ‍ॅनिमल्स’ त्याहून झटपट आहे, पण त्यात खरी जनावरंच नाहीत, जवळ येईल त्याला ओरबाडणारा भुताटकीचा कळप आहे. मला तो रुचला नाही. ‘समन बीस्ट’ला मात्र किमान २०० सुवर्णनाण्यांचं, सोन्याने मढवलेलं ओकचं फळ लागतं. ते पुढच्या लुटीत ठेवायचं काम तुझं.