स्वरतंतूवरची गाठ काढली की आवाज पहिल्यासारखा होतो का?

ताई, तुम्ही बालवाडीत शिकवता, सहा महिने आवाज घोगरा आहे आणि 'गाठ आहे, मायक्रोसर्जरी करू' एवढंच सांगितलंय. मग आधी विचारा, गाठ कसली?

मी डॉक्टर नाही, पेशंट होतो. नोड्यूल म्हणजे तळहाताला पडतात तसे घट्टे, दोन्ही तंतूंवर समोरासमोर. शिक्षकांना बहुधा हेच होतात आणि स्पीच थेरपीने बरेचदा विरतात. नुसते कापले आणि वर्गात पुन्हा तसंच ओरडलात, तर परत येतात. माझा होता पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा, एकाच बाजूला. दहीहंडीला थर लागताना खालून बोंबलत होतो, एका आरोळीत तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटली. दोन महिने थेरपी केली, तो काही हलला नाही. मग ऑपरेशन. (तपासणीत पांढरा चट्टा दिसला असेल तर मात्र थेरपीच्या नावाखाली थांबू नका.)

स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या उजेडात तंतूंची तपासणी, झाली का? बाईमाणसाचे तंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा थरथरतात. साध्या दुर्बिणीत ती थरथर कळतच नाही. लुकलुकत्या उजेडात ती संथ लाटेसारखी दिसते आणि कुठे अडते तेही कळतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, तोंडातून नळी घालून, मायक्रोस्कोपखाली होतं. बाहेरून टाका नाही. तंतूच्या पातळ सालीखाली लिबलिबीत थर असतो, आवाजाची लाट त्याच्यावर चालते. सुरी त्यात खोल गेली तर व्रण राहतो, तंतू ताठरतो. म्हणून 'पहिल्यासारखा' अशी हमी कुणी देत असेल तर मला शंका येईल. नंतर आठवडाभर माझी जीभ बधिर होती, चहा पत्र्यासारखा लागायचा.

खरी परीक्षा मौनाची. मला सात दिवस सांगितलं होतं, कुजबुजायलाही बंदी. लालबागच्या चाळीत माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं घरात भांडण झालंय. पाटी घेऊन फिरलो.

आज बोलणं स्वच्छ आहे. भजनात वरची पट्टी अजून फाटते, त्यामुळे मी टाळच वाजवतो. हंडीला शिट्टी.

थेरपीसाठी नायर रुग्णालयात किंवा बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. रिपोर्टवर गाठीचं नाव काय लिहिलंय ते इथे कळवा.