जुन्या पोर्टेबल जनरेटरचा व्होल्टेज सारखा खालीवर होतो. एव्हीआर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की सीताबर्डीच्या दुकानातला १२ वर्षं जुना २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर १८० ते २६० व्होल्टमध्ये झुलतो, बल्ब मिचमिचतो आणि मिस्त्री म्हणतो एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) टाका. इतक्यात टाकू नका. आधी दोष इंजिनात आहे की विजेच्या बाजूला, हे ठरवा. त्याला दहा मिनिटं लागतात.

दुकानाची वायरिंग आणि चेंजओव्हर स्विच (मेन लाइनवरून जनरेटरवर नेणारा) बाजूला ठेवून जनरेटरच्याच सॉकेटवर तपासा. कित्येकदा स्विचचा जळका कॉन्टॅक्टच बल्ब मिचमिचवत असतो. हर्ट्झ (विजेची वारंवारता) दाखवणारा मल्टिमीटर लावा. लोड म्हणून १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड भरलेल्या बादलीत सोडा, पण चालू असताना पाण्याला हात लावू नका. इस्त्री नको, तिचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो आणि फसवतो.

आता फक्त हर्ट्झ बघा. हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. व्होल्टेजसोबत हर्ट्झही ४६-५४ असे झुलत असतील तर रोग इंजिनाचा, एव्हीआरचा काही संबंध नाही. हर्ट्झ स्थिर आणि व्होल्टेजच उड्या मारतोय, तर अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, उघडा. (इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरला ही कसोटी लागू नाही, त्यात इंजिनाचे फेरे लोडप्रमाणे बदलतातच.)

जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा इंजिनच निघतं. रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, आपोआप वर-खाली, वर-खाली होते, त्याला मिस्त्री लोक हंटिंग म्हणतात. रॉड काढून, लोड नसताना, चोक हळूहळू अर्धा बंद करा. रेस स्थिरावली तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. मिश्रण पातळ झालं की रेस पडते, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरची झडप, उघडतो, रेस उसळते, तो पुन्हा मिटवतो. हाच तो झोका. चोकने उलट काळा धूर आला तर एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा स्पंज भुसभुशीत होतो आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात.

पातळ मिश्रणाचं पहिलं कारण पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला कमी लोडवर पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल वाळून त्याच्या केसाएवढ्या भोकात राळ धरतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइपही फुगवतं. कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी खोला. तळाशी पाण्याचे थेंब किंवा पिवळा गाळ दिसेल. जेट काढून क्लीनरमध्ये भिजवा, वायरमधली तांब्याची एकच तार घालून साफ करा, मग हवा मारा. सुई किंवा स्टीलची तार घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी जेट गेला. उजेडासमोर धरला की भोक गोल दिसलं पाहिजे. जेट साफ असूनही हंटिंग राहिलं तर कार्बोरेटर आणि इंजिनामधलं गॅस्केट हवा ओढत असेल. चालू इंजिनाच्या त्या जोडावर ब्रशने थोडं इंजिन ऑइल लावा, रेस बदलली की चोर सापडला.

पंधरा-वीस मिनिटं नीट चालून मग अडखळत असेल तर टाकीचं झाकण ढिलं करून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं असतं.

गव्हर्नरला सगळ्यात शेवटी हात लावा. स्प्रिंग ताणलेली असेल तर त्याच मापाची नवी टाका. आर्मचा नट सुटला असेल तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा, गव्हर्नरचा शाफ्ट त्याच दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि तिथेच नट आवळा. व्होल्टेज कमी येतो म्हणून रेसचा स्क्रू पिळणं ही सर्रास होणारी चूक. लोड सुटला की व्होल्टेज उसळतो आणि प्रिंटरचा सप्लाय उडतो.

हर्ट्झ स्थिर असतील तर इंजिन बंद करून, प्लगची कॅप काढून मागचं कव्हर खोला. एव्हीआरवालं मशीन असेल तर आधी कार्बन ब्रश बघा. मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. ब्रश जिच्यावर घासतात ती स्लिप रिंग काळी पडली असेल तर बारीक काचकागदाने पुसा. एमरी नको, तिची भुकटी वीज वाहते. एव्हीआरच्या सेन्सिंग वायरची क्लिप ढिली असली तरी त्याला व्होल्टेज कमी दिसतो आणि तो वाढवत नेतो. हे सगळं ठीक निघालं तरच एव्हीआर बदला.

ब्रश नसलेल्या मशीनमध्ये कपॅसिटर असतो. हात लावण्याआधी तो बल्बच्या वायरींनी डिस्चार्ज करा. मोजमाप छापील मायक्रोफॅरडपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त कमी आलं तर बदला, पण त्याच आकड्याचा. मोठा टाकलात तर व्होल्टेज चढतो आणि वाइंडिंग तापतं.

तुमच्याकडे लेझर प्रिंटर आहे म्हणता. त्याचा हीटर दर काही सेकंदांनी मोठा झटका घेतो, तेव्हा बल्ब क्षणभर मंदावणारच. तो दोष नाही. मशीन शटरच्या आत मात्र चालवू नका, नवतप्यातल्या उन्हातही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

दुरुस्तीनंतर लोडशिवाय ५१-५२ हर्ट्झ आणि १००० वॅटच्या रॉडवर ४९-५० मिळाले पाहिजेत. तेवढे आले की आधी कूलर लावा. तो सुरू होताना, चालतानापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. मग दिवे, आणि प्रिंटर सगळ्यात शेवटी.