निवासमंडप वाचायला घेताय? आधी खुंट्या मोजू नका

निवासमंडप म्हणजे बायबलमधल्या इस्राएली लोकांचा वाळवंटातला फिरता उपासनेचा तंबू. त्याचं वर्णन वाचताना प्रत्येक वस्तूत ख्रिस्ताची खूण शोधावीशी वाटते; तुमचा उत्साह समजतो. मीही सुरुवातीला प्रत्येक आकडीत, प्रत्येक कातड्यात ख्रिस्त शोधत बसायचो. वही भरली, हाती फारसं लागलं नाही. नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायात लेखक कोश (कराराची पेटी), करूब (तिच्यावरच्या पंखवाल्या आकृती) यांची नावं घेतो आणि पुढे म्हणतो, आता याविषयी तपशीलवार बोलता येत नाही. तो थांबतो, मग आपण कशाला ताणायचं?

आधी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे अध्याय २५ ते ४० सलग वाचा, कागदावर आराखडा काढा. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद, दार एकच, पूर्वेला. आत शिरलं की आधी होमवेदी (बळी जाळण्याची वेदी), मग गंगाळ (हातपाय धुण्याचं पात्र). मंडपातली सर्वांत आतली खोली, परमपवित्रस्थान, लांबी-रुंदी-उंचीला दहा-दहा हातांचा घन. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण २१ मधलं नवं यरुशलेमही लांबी-रुंदी-उंचीला सारखंच. असे धागे मजकूरच देतो, ते पकडा. या खोलीपुढच्या पडद्याचं, अंतरपटाचंही तसंच: मत्तय २७:५१ (येशू मरण पावला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मला सगळ्यात भिडतात त्या मंडपाच्या फळ्या-खांबांखालच्या चांदीच्या १०० बैठका. त्यांची चांदी शिरगणतीतून आली, प्रायश्चित्त म्हणून माणशी अर्धा शेकेल (शेकेल हे वजनाचं माप). श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी नाही. म्हणजे सोन्याने मढवलेल्या फळ्या उभ्या होत्या त्या प्रायश्चित्ताच्या पैशावर.

आणि हो, यहुदी परंपरा काय म्हणते तेही बघा. शब्बाथला (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी) वर्ज्य असलेली ३९ कामं तिने याच मंडपाच्या बांधणीवरून ठरवली.